डोस वाढवण्याआधी कातडी चाचपा : इन्सुलिन घेणाऱ्या मांजराच्या त्वचेबद्दल

दिवसातून दोनदा म्हटलं तरी वर्षाला ७३० टोचण्या होतात. एवढ्या सुया, आणि मांजराचं अंग ते केवढं! इंजेक्शन शिकवताना सिरिंज कशी भरायची आणि चिमूट कशी धरायची एवढं बहुतेक ठिकाणी दाखवतात. त्या ७३० टोचण्या अंगभर वाटून कशा टाकायच्या, हे फारसं कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं.

आमच्या बोक्याला मधुमेह निघाला तेव्हा मी मानगुटीत टोचायला शिकले. तिथली कातडी सैल, बोका वाटीत तोंड घालून खाण्यात दंग, त्याला पत्ताही लागायचा नाही. आठ महिने तीच जागा. मग शुगर चढायला लागली. डोस वाढवला, पुन्हा वाढवला, आकडे ढिम्म. शेवटी एका तपासणीत डॉक्टरांनी मानगूट दोन बोटांत घेतली आणि म्हणाले, “तुम्हीच हात लावून बघा.” कातडीखाली पट्ट्याच्या चामड्यासारखं जाड काहीतरी लागलं. आठ महिने इन्सुलिन त्यात जाऊन बसत होतं. कधी थोडं झिरपायचं, कधी तिथेच अडकायचं. त्याच संध्याकाळी मी शहाणपणा करून कुशीत टोचलं, डोस मात्र वाढवलेलाच ठेवला. रात्री बोका झोकांड्या खात होता आणि मीटरवर ४८ होते. हिरड्यांना मध चोळत आम्ही दवाखाना गाठला.

म्हणजे चुका दोन झाल्या. एक, कातडी न चाचपता डोस वाढवू दिला. दुसरी, जागा बदलताना डोसाचा विचार केला नाही. पुढचं सगळं या दोन्ही टाळण्यासाठी आहे.

कातडीवर नेमकं काय दिसतंय?

सुईने कातडीला काही झालं की घरात पहिला शब्द निघतो तो ‘ॲलर्जी’. खरी ॲलर्जी त्यातली थोडीच असते. तेव्हा आधी नीट बघायचं.

सुई काढल्यावर रक्ताचा एखादा ठिपका येणं ही सगळ्यांत साधी गोष्ट. बारीक रक्तवाहिनीला धक्का लागलेला असतो. कापसाने किंवा गॉजने अर्धा मिनिट हलकं दाबून धरलं की थांबतं. दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं दिसेल आणि काही दिवसांत जाईल. त्या जागी तेवढे दिवस टोचू नका. इन्सुलिन आत गेलेलंच असतं, त्यामुळे रक्त दिसलं म्हणून डोस पुन्हा द्यायचा नाही.

टोचल्या टोचल्या मसुराएवढा फुगवटा दिसला तर सुई बहुधा वरवर राहिली आणि औषध कातडीखाली न जाता कातडीच्या थरातच गेलं. इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. यू-४० (दर मिलिला ४० युनिट असलेल्या) इन्सुलिनचे २ युनिट म्हणजे ०.०५ मिलि, जेमतेम एक थेंब. यू-१०० (दर मिलिला १०० युनिट) चे २ युनिट म्हणजे ०.०२ मिलि, अर्धा थेंबही नाही. तेव्हा सुपारीएवढा उंचवटा बघून ‘औषध साचलंय’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. एवढं औषध आपण दिलेलंच नसतं. तो उंचवटा म्हणजे सूज आहे, नाहीतर गाठ.

खपली, कोंडा, केस गेलेला लहान चट्टा हे बरेचदा एकाच ठिकाणी वारंवार टोचल्याने किंवा तीच सुई पुन्हा वापरल्याने होतं. कधी मांजर ती जागा चाटून चाटून केस घालवतं. पिसवा आणि नायटा यांचा संशयही इथेच घ्यायचा. चट्टा जिथे कधीच टोचलं नाही तिथेही असेल, तर दोष इन्सुलिनचा नाही.

मग येतात त्या हाताला लागणाऱ्या गोष्टी. कातडीखाली चरबीची मऊ, रबरासारखी गादी तयार होते. इन्सुलिन स्वतःच चरबीच्या पेशींना वाढायला लावतं, त्यामुळे तेच औषध महिनोन्‌महिने एकाच ठिकाणी पडलं की तिथे असं होऊ शकतं. वारंवार टोचल्याने आतला थर घट्ट, तंतुमय होतो तो आणखी वेगळा. क्वचित याच्या उलट घडतं, चरबी विरते आणि खळगा पडतो. या गोष्टी दुखत नाहीत, खाजत नाहीत, दिसतही नाहीत. आणि मला विचाराल तर म्हणूनच लालीपेक्षा जास्त घातक आहेत. लाली निदान नजरेला पडते. ही गादी गुपचूप इन्सुलिन अडवते, आपल्याला फक्त वाढलेली शुगर दिसते आणि आपण डोस वाढवत सुटतो.

शेवटी राहतात गरम, दुखरी, पू धरलेली सूज म्हणजे गळू; लाली, खाज, गांधी म्हणजे ॲलर्जी; आणि वाढत जाणारी टणक गाठ. या तिन्हींकडे पुढे येते.

आठवड्यातून एकदा हाताने तपासणी

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, केसांखाली काही दिसत नाही. मांजर पेंगुळलेलं असताना त्याच्या शेजारी बसा. चारही बोटं सपाट ठेवून खांद्यामागून मांडीपर्यंत हात सावकाश फिरवा, आधी एक बाजू, मग दुसरी. मग जिथे टोचता तिथली कातडी अंगठा आणि तर्जनीत घ्या आणि जिथे कधीच टोचत नाही तिथलीही घ्या. दोन्ही चिमटी सारख्याच पातळ लागायला हव्यात. एक जाड लागली की कान टवकारा.

काही सापडलं तर फूटपट्टी लावून लांबी-रुंदी मोजा, फोटो काढा, तारीख लिहा. ‘हरभऱ्याएवढी’, ‘बोराएवढी’ अशी वर्णनं महिन्याभरात आपलीच आपल्याला पटेनाशी होतात. शिवाय गाठ हलते की खालच्या मांसाला चिकटली आहे, दाबल्यावर मांजर दचकतं का, जागा आजूबाजूपेक्षा गरम आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचे. डॉक्टरही हेच विचारतात.

मूत्रपिंडाच्या त्रासासाठी कातडीखाली सलाइन दिलं जात असेल तर एक वेगळी गंमत होते. सलाइनचा फुगा खाली ओघळून पोटाशी किंवा पुढच्या पायात उतरतो आणि लटकणारी गाठ दिसते. काही तासांत जिरते. फक्त त्या पाणथळ जागेत इन्सुलिन टोचू नका, शोषणाचा काही भरवसा राहत नाही.

टोचण्यांचा नकाशा

मानगूट सोयीची असते, पण मी ती कुणालाही सुचवणार नाही. एक कारण वर सांगितलं. दुसरं असं की पुढेमागे तिथे वाईट गाठ झालीच तर ती भोवतालच्या मांसासकट मोठा भाग घेऊन काढावी लागते, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तेवढी मोकळी जागा नसते.

बरगड्यांची बाजू आणि कुशी बरी. कागदावर मांजराच्या दोन्ही बाजू ढोबळ काढा. खांद्यामागून मांडीच्या पुढच्या कडेपर्यंत एक आडवा पट्टा आखा आणि त्याचे प्रत्येक बाजूला चार चौकोन करा. सकाळी उजवी बाजू, संध्याकाळी डावी. रोज एक चौकोन पुढे. म्हणजे कुठल्याही चौकोनाची पाळी चार दिवसांनी येते, आणि त्या चौकोनातही मागच्या वेळेपेक्षा दोन बोटं सरकून टोचायचं. सकाळ उजवी, संध्याकाळ डावी हे ठरलेलं असलं की घरात दोघेजण टोचत असले तरी घोळ होत नाही. कागद फ्रीजच्या दारावर लावा आणि टोचलं की लगेच खूण करा. मोबाइलमध्ये नोंद ठेवणारे आम्ही आठवड्यात ढेपाळलो.

उत्साहाच्या भरात आज कुशी, उद्या मांडी, परवा छाती असं मात्र करू नका. अंगाच्या वेगवेगळ्या भागांत शोषण कमीजास्त वेगाने होतं. पट्टा एकच ठेवा, त्यातल्या जागा बदला.

सुई, सिरिंज आणि बाटली

इन्सुलिनच्या सुया २९ ते ३१ गेजच्या असतात. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. मांजरासाठी साधारण ८ मिमी लांबी सोयीची पडते. १२.७ मिमीची सुई सडपातळ मांजराच्या चिमटीतून आरपार जाऊ शकते. इन्सुलिन पेनाची ४ मिमीची सुई दाट केसांत अडकू शकते किंवा कातडीतच राहते.

सुई एकदाच वापरायची. पैसे वाचवावेसे वाटतात, समजू शकते, पण सुईवर सिलिकॉनचा पातळ लेप असतो. त्यामुळे ती सहज शिरते. तो पहिल्याच वापरात झिजायला लागतो आणि टोकही वाकतं. दुसऱ्या वेळी ती कातडीला टोचत नाही, ओरबाडते. खपल्यांची तक्रार घेऊन कुणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते.

सिरिंज इन्सुलिनच्या जातीची हवी. यू-४० म्हणजे दर मिलिला ४० युनिट, यू-१०० म्हणजे १०० युनिट. कॅनिन्सुलिन आणि प्रोझिंक यू-४० आहेत, ग्लार्जिनची नेहमीची लॅन्टस यू-१००. यू-१०० इन्सुलिन चुकून यू-४० सिरिंजने मोजलं तर डोस अडीचपट जातो. सिरिंजचा ब्रँड बदलताना, म्हणजे कातडीला बरं वाटावं म्हणून बदलताना, ही चूक सहज होते.

बाटली २ ते ८ अंशांत ठेवा. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्या. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्यात गढूळपणा दिसला तर वापरू नका. लेन्टे (जसं कॅनिन्सुलिन) आणि प्रोटामाइन-झिंक (जसं प्रोझिंक) प्रकारचं इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं आणि टोचण्याआधी सारखं मिसळावं लागतं. हलवायचं की हळुवार लोळवायचं ते त्या त्या बाटलीच्या पत्रकाप्रमाणे. मिसळूनही गुठळ्या किंवा कडेला चिकटलेले कण राहिले तर बाटली गेली असं समजा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. कॅनिन्सुलिनची मुदत उघडल्यापासून ४२ दिवस आहे. एकापाठोपाठ एक गळवं होत असतील तर बाटलीचाही संशय घ्यावा.

टोचण्याची पद्धत, कातडीला जपून

१. मांजराने खाल्लंय ना, ते बघा. अजिबात खाल्लं नसेल तर डोसाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

२. डोस भरून सिरिंज मिनिटभर मुठीत धरा. थंडगार औषध झोंबतं, आणि एवढंसं औषध तेवढ्यात कोमट होतं. गरम पाण्यात बुडवणं वगैरे नको.

३. जागा बघा, बोटाने चाचपा. केस दाट असतील तर भांग पाडा. फारच दाट असतील तर मशिनने थोडे कापून घ्या, वस्तऱ्याने नाही. (सयामी जातीच्या मांजरांत कापलेल्या जागी नवे केस गडद उगवतात. तिथली कातडी गार राहते आणि त्यांच्या केसांचा रंग तापमानावर ठरतो. ती प्रतिक्रिया नव्हे.)

४. स्पिरिट लावू नका. ते झोंबतं, कातडी कोरडी पडते, आणि ओलं असताना सुई घातली तर आणखी आग होते. जागा मळकी असेल तर साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा.

५. कातडी वर उचलून तंबूसारखी करा. चिमूट घट्ट पिळू नका. बऱ्याच मांजरांना सुईपेक्षा आपल्या बोटांचाच जास्त राग येतो.

६. सुईची तिरकी, उघडी बाजू वर ठेवून तंबूच्या पायथ्याशी साधारण ४५ अंशांत एका दमात आत घाला. दबकत दबकत घातलेली सुई जास्त दुखते.

७. दट्ट्या शेवटपर्यंत दाबा, पाच मोजा, ज्या रेषेत गेली त्याच रेषेत सुई बाहेर काढा. मग चिमूट सोडा.

८. बोट फिरवून केस ओले झालेत का बघा आणि बोट हुंगा. बऱ्याच इन्सुलिनमध्ये मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल हे औषध टिकवणारं रसायन असतं, त्याचा दवाखान्यासारखा वास येतो. वास आला तर औषध केसांत गेलं. किती आत गेलं ते कळत नसेल तर पुन्हा टोचायचं नाही. एक डोस हुकल्याने सहसा काही बिघडत नाही, दुप्पट गेला तर जीवावर बेतू शकतं.

९. जागा चोळू नका.

गादी किंवा जाड थर सापडला तर

सगळ्यात आधी त्या जागेला सुट्टी. पण आमच्या बोक्याची रात्र आठवा. खराब जागेतून इन्सुलिन अर्धवट शोषलं जात होतं म्हणून डोस वाढत गेलेला असतो. तोच डोस निरोगी कातडीत गेला की पूर्ण कामाला लागतो आणि शुगर धाडकन उतरते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करा, मधल्या काळात डोस कितीने वाढला ते सांगा आणि नव्या जागेसाठी किती द्यायचा ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. बहुतेक वेळा ते कमी करूनच सुरुवात करायला सांगतात. स्वतःच्या अंदाजाने कमीजास्त करू नका.

नव्या जागेचे पहिले काही दिवस घरी मीटर हवाच. टोचण्याआधी एकदा आणि टोचल्यानंतर ४ ते ८ तासांच्या पट्ट्यात दोनदा तरी बघा, शुगर सर्वांत खाली जाण्याची वेळ साधारण त्यात येते. बदल शनिवारी रात्री करू नका. ज्या दिवशी तुम्ही घरी आहात आणि दवाखाना उघडा आहे असा दिवस निवडा.

शुगर ६० मिग्रॅच्या खाली गेली, किंवा मांजर एकदम खा-खा करू लागलं, लटपटू लागलं, शून्यात बघू लागलं, थरथरलं, तर मीटरची वाट न बघता काहीतरी गोड द्या. शुद्धीवर असेल तर आधी खाणं, सोबत मध किंवा ग्लुकोजचं पाणी. गिळत नसेल तर ओठ उचलून हिरड्यांना मध चोळा. घशात काही ओतू नका, आणि झटके येत असतील तर बोटं दातांमध्ये घालू नका. मग लगेच दवाखाना, बरं वाटलं तरी.

ॲलर्जीचा संशय आला तर

टोचल्यापासून काही मिनिटांत ते एक-दोन दिवसांत त्याच जागी लाली, सूज, खाज, गांधी उठणं, आणि प्रत्येक टोचणीला तेच होणं: हा नमुना दिसला की ॲलर्जीचा विचार करायचा. ‘प्रत्येक टोचणीला’ हे महत्त्वाचं. तीन टोचण्यांत एकदा होत असेल तर पद्धत तपासा.

शरीराला औषधातलं काय नकोसं होतंय, याची उत्तरं बरीच आहेत. मांजराचं स्वतःचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने, डुकराच्यापेक्षा तिनांनी आणि माणसाच्यापेक्षा चारांनी वेगळं आहे. कॅनिन्सुलिन डुकराचं असतं, ग्लार्जिन हे माणसाच्या इन्सुलिनमध्ये थोडा बदल करून बनवलेलं. म्हणजे मांजराच्या दृष्टीने ही सगळी परकीच, पण बहुतेक मांजरं ती निमूट चालवून घेतात. इन्सुलिनखेरीज बाटलीत प्रोटामाइन, जस्त, मेटाक्रेसॉल, फिनॉल, पॅराबेन यांतलं काही ना काही असतं. ग्लार्जिन तर मुळात आम्लधर्मी आहे, त्याचा पीएच सुमारे ४. काही मांजरं टोचताना झटकन वळून बघतात ते त्या झोंबण्यामुळे असू शकतं. झोंबणं म्हणजे ॲलर्जी नव्हे.

म्हणून शोध घ्यायचा तो क्रमाने, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. आधी स्पिरिट किंवा जे काही लावत असाल ते बंद. मग थंड औषध बंद. मग दर वेळी नवी सुई. मग सुई वरवर तर राहत नाही ना, हे एकदा डॉक्टरांसमोर टोचून दाखवा. मी तीन वर्षांनी हे केलं आणि माझा कोन चुकत होता. मग नवी बाटली. मग दुसऱ्या कंपनीची सिरिंज. प्रत्येक बदलाला आठवडाभर द्या, रोज एक फोटो. एवढं करूनही नमुना तसाच राहिला तर प्रश्न इन्सुलिनचा आहे, आणि इन्सुलिन बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा. एका इन्सुलिनचे युनिट दुसऱ्यात जसेच्या तसे नेता येत नाहीत, त्यामुळे शुगर पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.

या सगळ्यात इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. लाल चट्टा आठवडाभर चालतो, इन्सुलिनशिवायचा आठवडा मांजराला कीटोॲसिडोसिसकडे (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेकडे) नेऊ शकतो. अपवाद एकच: टोचल्यावर चेहरा सुजणं, तोंडातून लाळ, लागोपाठ उलट्या, धाप, कोसळणं. ही अंगभर पसरलेली प्रतिक्रिया आहे. तडक इमर्जन्सी गाठा आणि पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हाच.

‘मग गोळीच का देऊ नये?’ हा प्रश्न अलीकडे हमखास येतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिनचं तोंडाने द्यायचं द्रावण मांजरांसाठी मंजूर झालं. पण तिथली मंजुरी आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांपुरती आहे. इन्सुलिनवर असलेल्या मांजराला यावर नेताना कीटोॲसिडोसिसचा धोका असतो, तोही शुगर फारशी वाढलेली नसताना. सुईला कंटाळून घरच्या घरी करायचा हा बदल नाही.

थांबू नये अशा तीन गोष्टी

गळू. जागा गरम, दुखरी, मांजर मलूल, खाणं कमी, ताप ३९.२ अंश सेल्सियसच्या वर. दाबून फोडू नका. मधुमेहात जखम सावकाश भरते, आणि संसर्ग असेतो इन्सुलिनही नीट लागू पडत नाही, म्हणून आकडे एकाएकी बिघडले तरी हे शोधा. डॉक्टर सुईने थोडा पू काढून तपासतात आणि त्याप्रमाणे औषध देतात.

टणक, वाढती गाठ. मांजरांत इंजेक्शनच्या जागी होणारा सार्कोमा हा कर्करोग १९९१ मध्ये प्रथम ओळखला गेला, मुख्यतः लशींच्या संदर्भात. इन्सुलिनमुळे तो होण्याची भीती मनात घेऊन बसू नका, पण नियम पाठ असू द्या: गाठ ३ महिन्यांनंतरही टिकली, किंवा २ सेंमीपेक्षा मोठी झाली, किंवा इंजेक्शननंतर १ महिन्यानेही वाढतेच आहे, तर त्यातला तुकडा घेऊन तपासायचा. तुकडाच. ‘छोटी आहे, काढूनच टाकू’ हा सल्ला इथे महागात पडतो, कारण अर्धवट काढलेली गाठ परत येते आणि मग दुसरी शस्त्रक्रिया अवघड होते.

फाटणारी कातडी. साध्या चिमटीने कातडी पातळ कागदासारखी टरकली, तर तो इंजेक्शनचा दोष समजू नका. कुशिंगच्या आजारात (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक फार वाढतं तो) मांजराची कातडी अशी नाजूक होते, आणि तो आजार झालेल्या बहुतेक मांजरांना मधुमेहही असतो. इन्सुलिनचा डोस वाढत राहूनही शुगर न बसण्याचं ते एक कारण आहे. त्या दिवशी टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

काय लावू नये

मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटतं, म्हणजे मलम लावणं हे औषध पाजण्यासारखंच आहे. स्टेरॉइडची क्रीम कातडीतून आणि जिभेवरून आत जाते आणि शुगर वाढवते. खाजेसाठी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन सुचवलं गेलं तर मांजर मधुमेही असल्याची आठवण करून द्यायला लाजू नका, दुसरे डॉक्टर असतील तर नक्कीच. झिंक ऑक्साइडची मलमं, बेन्झोकेनसारखी बधिर करणारी क्रीम, टी ट्री तेल हे मांजराला विषारी ठरतं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही, पाव गोळीसुद्धा नाही. मांजराचं यकृत त्यातलं विष मोडू शकत नाही आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. साधी लाली असेल तर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेलं गार फडकं दोन-तीन मिनिटं, बस.

सेन्सर लावत असाल तर

शुगर मोजणारा फ्रीस्टाइल लिब्रेसारखा १४ दिवसांचा सेन्सर कातडीला वेगळा त्रास देतो. केस भादरल्याने, गोंदाने, आणि ओढून काढल्याने तिथे लाल गोल चट्टा राहतो. काढताना कडेला खाण्याचं तेल मुरवून सावकाश सोडवा, पट्टी ओढल्यासारखं खेचू नका. पुढचा सेन्सर दुसऱ्या बाजूला लावून घ्या. त्याच्या भोवती तीन-चार सेंमीपर्यंत इन्सुलिन टोचू नका आणि गादीवर सेन्सर बसवू नका, आकडे फसवे येतात. मांजर त्याच कुशीवर झोपलं की दाबामुळे आकडा खोटाच खाली दिसू शकतो. मध चोळायला धावण्याआधी मांजराकडे बघा, आणि शक्य असेल तर कानाच्या कडेवरून रक्ताचा थेंब घेऊन साध्या मीटरवर पडताळा. मांजराची लक्षणं मात्र खरी दिसत असतील तर पडताळत बसू नका.

जुन्या जागेकडे परत

गादी विरायला आठवडे नाही, महिने लागतात, आणि तंतुमय झालेला थर काही वेळा तसाच राहतो. परत तिथे टोचायचंच असेल तर दोन बाजूंच्या चिमटी सारख्या लागायला हव्यात आणि पहिल्या टोचण्या मीटर हाताशी ठेवूनच. आमच्या बोक्याची मानगूट चार महिन्यांनी बरीच मऊ झाली, मधोमध एक दोरीसारखी रेघ मात्र राहिली. डोस आता त्या जुन्या आकड्याच्या अर्ध्यावर आहे. मानगूट फ्रीजवरच्या कागदात नाही, आणि तपासणीला गेलो की डॉक्टरांच्या आधी माझाच हात तिच्याकडे जातो.